जोडणी क्रमांक चार

आमच्या कारखान्याला कारखाना म्हणणे म्हणजे थोडे वाढवून सांगणे होते. एक लांबट खोली, तिच्या एका टोकाला लेथ, दुसऱ्या टोकाला माझे टेबल आणि मधे खिडकीखाली जोडणीचा ओटा. शाळांना लागणाऱ्या प्रतिकृती आम्ही तयार करत असू. डोळा, कान, हृदय, ज्वालामुखी आणि अणू. हृदय एका शाळेला एक पुरे, तेही वीस वर्षे टिकते. अणू मात्र मुलांच्या हातात जातात, तुटतात, मणी हरवतात. म्हणून अणूंना मागणी कायम.

मी वाणिज्य शाखेचा. आलेल्या मागण्या नोंदवणे, खोकी रवाना करणे, तक्रारींची वही ठेवणे ही माझी कामे. अणूत काय असते हे मला मणीमावशींनी शिकवले, आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते.

जोडणीच्या ओट्यावर चौथी जागा त्यांची. लाल मणी म्हणजे प्रोटॉन, पांढरे म्हणजे न्यूट्रॉन. हे दोन्ही डिंकाने एकत्र चिकटवून मधला गोळा करायचा, तो केंद्रक. त्याभोवती तारेच्या कड्या आणि कड्यांवर बारीक निळे मणी, ते इलेक्ट्रॉन. पहिल्या कडीत दोन, दुसरीत आठ, मग तिसरी. समोर भिंतीवर तक्ता टांगलेला असे, पण मावशी त्याकडे बघत नसत. नवीन बाई कामाला आली की त्या सांगत, "लाल मोज, निळे मोज. जुळले तर अणू, नाही तर नुसती माळ."

त्यांचे यजमान आमच्याच लेथवर होते. मणी ते कातून उतरवायचे, ओवायच्या मावशी. दिवसभरात दोघे एकमेकांशी चार वाक्ये बोलत असतील तर शपथ. पण एखादा मणी तिरका निघाला की मावशी तो न बोलता लेथच्या फळीवर नेऊन ठेवत आणि ते न बोलता दुसरा उतरवून देत.

त्यांना एकच मुलगी. सगळ्यांच्या चुका काढायची म्हणून वडील तिला मास्तरीण म्हणत. अकरावीत गेल्यावर ती शनिवारी दुपारी आईला हातभार लावायला येई. हाताला वेग बेताचा, तोंडाला भरपूर.

"आई, हे सगळं खोटं आहे, माहितीये?" ती एकदा म्हणाली. "हा मधला गोळा खरंच एवढा असेल ना, तर बाहेरची कडी पार पाण्याच्या टाकीपलीकडे जायला हवी."

"आणि मधे काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे रिकामं. सगळं रिकामं."

"एवढी जागा नुसती रिकामी!" पलीकडून आमचा रंगारी ओरडला. "हळू बोला, मालकांनी ऐकलं तर तिथे अजून एक ओटा टाकतील."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या हातातल्या सोडियमकडे बघत राहिल्या. तिसऱ्या कडीवर त्याचा एकच निळा मणी असतो, तो त्यांनी बोटाने जरा सरकवला.

त्या काळी आमचा संच पहिल्या अठरा मूलद्रव्यांचा होता. हायड्रोजनपासून आर्गॉनपर्यंत. आर्गॉनच्या तिसऱ्या कडीत आठ मणी. मावशींनी लेकीला विचारले होते, आठ झाले की तिसरी कडी भरली का? ती घाईत होती. पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात निघाली होती, बस गाठायची होती. "नाही गं, तिसरीत अठरा मावतात. पुढचं आल्यावर सांगते," म्हणत ती पिशव्या उचलून गेली. ते पुढचे सांगायचे राहून गेले.

सुट्टीत ती येई तेव्हा विषय निघाला नाही, आणि ती रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना वडील आजारी पडले. खोकला म्हणता म्हणता रुग्णालयात ठेवावे लागले. डॉक्टरांनी सांगितले, दोन-तीन महिने काढतील. मुलीची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी सुरू होणार होती, चार दिवसांची. मावशींनी ठरवले, गुरुवारी परीक्षा संपली की कळवायचे. एकेका पेपरावर वर्ष अवलंबून. नवराबायकोंनी मिळून ते वर्ष उभे केले होते.

मावशींच्या घरी फोन नव्हता. मुलगी माझ्या टेबलावर फोन करी. मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. "काका, बाबांचा खोकला कसा आहे? आईला देता का?" मावशी समोरच उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि माझ्यापुढे हात जोडले. मी म्हणालो, "आई डबा घेऊन घरी गेलीय. बाबा ठीक आहेत. तू अभ्यास कर."

बुधवारी पहाटे ते गेले. डॉक्टरांचे दोन-तीन महिने दोन दिवसांत संपले. तेव्हाही मावशींनी तिला कळवू दिले नाही. आजचा धरून दोनच दिवस उरलेत, म्हणाल्या. आता आली काय आणि परवा आली काय, ते थोडेच उठून बसणार आहेत. हे त्या इतक्या शांतपणे बोलल्या की मला वाद घालता आला नाही.

ती शुक्रवारी सकाळी आली. घरी बसवत नाही म्हणून मावशी कामावर आल्या होत्या. लेथवर दुसरा माणूस उभा होता, तो पाहून ती दारातच थांबली. काय झाले ते तिला आधी घरी सांगितले की वाटेत कोणी, मला माहीत नाही. ती थेट ओट्यापाशी गेली. आम्ही सगळे ऐकत होतो.

"परीक्षा माझी होती ना, आई?"

"हो गं बाई. तुझ्याचसाठी..."

"माझी होती. मग ती सोडायची की द्यायची हे तू का ठरवलंस?"

मावशींच्या हातात कडी तशीच राहिली. मुलगी माझ्याकडे वळली, तिने टेबलावरच्या फोनकडे पाहिले आणि ती बाहेर गेली. त्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात पास झाली. दोन तासांवरच्या एका गावात मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली आणि ती तिकडेच राहिली. मावशी एकदा जाऊन आल्या. मुलीने चहा दिला, विचारले तेवढ्याची उत्तरे दिली, बसथांब्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "पुन्हा येऊ नकोस. तुला बघितलं की मी पंधरा दिवस काही करू शकत नाही." त्या गेल्या नाहीत. अशी सात वर्षे गेली. मावशी कामावर वेळेवर येत, वेळेवर जात. त्या बोलक्या कधीच नव्हत्या, त्यामुळे काही बदलले आहे हे नवीन माणसाला कळले नसते.

मग अभ्यासक्रम बदलला आणि संच वीस मूलद्रव्यांचा झाला. पोटॅशियम आणि कॅल्शियमची भर पडली. नवीन तक्ता छापून यायला उशीर होत होता आणि मालकांना घाई. "मावशी, तुम्हाला काय शिकवायचं, करा सुरू," ते म्हणाले. मावशींनी पोटॅशियमचे एकोणीस मणी मोजले. पहिल्या कडीत दोन, दुसरीत आठ, तिसरीत उरलेले नऊ. तिसरीत अठरा मावतात हे त्यांना पक्के ठाऊक होते, सांगणारी घरचीच होती.

बत्तीस खोकी गेली. आमच्या प्रत्येक खोक्यात एक छापील पत्रक असे: मालात त्रुटी आढळल्यास कळवावे. त्यावर जोडणाऱ्याचा क्रमांक शिक्क्याने उमटवलेला. पंधरा दिवसांत पाच शाळांची पत्रके परत आली. त्यांतल्या चारांवर नुसते "पोटॅशियम व कॅल्शियम चूक" असे होते. पाचव्याला एक स्वतंत्र कागद जोडला होता.

मी तो मावशींना वाचून दाखवला. "महोदय, पोटॅशियमच्या प्रतिकृतीत एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात बसवला आहे. तिसऱ्या कवचाची क्षमता अठरा असली, तरी ते सर्वांत बाहेरचे असताना त्यात आठाहून अधिक इलेक्ट्रॉन राहत नाहीत. म्हणून एकोणिसावा चौथ्या कवचात जातो. कॅल्शियममध्ये विसावाही तिथेच. तिसऱ्यातली उरलेली जागा पुढच्या मूलद्रव्यांत भरली जाते. कृपया दुरुस्ती करावी." खाली विज्ञान शिक्षिका, शाळेचा शिक्का आणि सही.

"अक्षर दाखवा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी कागद खिडकीकडे धरला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "पुढचं सांगते म्हणाली होती. सांगितलं बघा."

"मावशी, मालक चिडलेत. बत्तीस खोकी परत..."

"करते की दुरुस्त. भाऊ, हा कागद मला मिळेल?"

तक्रारीचा मूळ कागद फायलीतच राहिला पाहिजे. मी त्याची प्रत काढून दिली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "प्रतीत अक्षर पुसट आलंय." तेव्हा मी प्रत फायलीत ठेवली आणि मूळ त्यांना दिले.

पुढल्या सत्रात त्याच शाळेची आणखी एका संचाची मागणी आली. खोके गेले, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पत्र. "हायड्रोजनच्या केंद्रकात न्यूट्रॉन दाखवला आहे. साध्या हायड्रोजनमध्ये एकच प्रोटॉन असतो, न्यूट्रॉन नसतो." मला आश्चर्य वाटले. हायड्रोजन म्हणजे एक लाल, एक निळा. एवढे तर मलाही येते.

"मावशी, हायड्रोजनला पांढरा मणी कुठून आला?"

"आला असेल कुठून तरी."

"एका खोक्यात आला, बाकी सत्तावीस खोक्यांत नाही?"

"एकटाच बसलेला असतो हो तो मधे," त्या म्हणाल्या. मग हात पुसून समोर आल्या. "पत्र द्या."

मी तक्रारींची वही उघडली तेव्हा माझ्या ध्यानात आले. मागण्यांचे कागद आम्ही भिंतीवरच्या खिळ्याला लावत असू, शाळेचे नाव वर. मावशी रोज सकाळी ओट्यावर बसण्याआधी त्या खिळ्यापाशी उभ्या राहत. मला वाटायचे, कामाचा अंदाज घेत असतील. त्या एका शाळेचे नाव शोधत होत्या.

मी मालकांना बोललो नाही. तिसऱ्या वेळी क्लोरीनच्या बाहेरच्या कडीत सातऐवजी आठ मणी गेले. उत्तर आले, थोडे मोठे. क्लोरीनला एक कमी असतो, म्हणूनच तो दुसऱ्याकडून घ्यायला बघतो; तुम्ही आधीच आठ देऊन टाकलेत तर तो कोणाशी जोडला जाईल, आणि मुलींना मी संयुग कसे समजावू, असे काहीसे. "समजावू" वाचताना मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी चारदा वाचून घेतले. रंगारी म्हणाला, "काय मावशी, हल्ली चुका फार व्हायला लागल्या. चष्मा बदला." त्या म्हणाल्या, "तू तुझा ज्वालामुखी रंगव."

चौथे खोके मी बांधण्याआधी उघडून पाहायला हवे होते. पाहिले नाही. मला ते पाहायचे नव्हते, असेच खरे तर म्हटले पाहिजे.

त्याचे पत्र आले नाही. तीन आठवडे झाले, पाच झाले. टपाल अकराच्या सुमाराला येई. मावशी मान वर करत नसत, पण तेवढा वेळ त्यांचे हात थांबत. दोन महिन्यांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, खोकं पोचलं का बघाल?"

"पोचलंय. पोच आलीय."

"मग उघडलं नसेल." त्या घुटमळल्या. "अकरा आहेत त्यात."

"काय अकरा?"

"चुका."

मी एका शनिवारी बसने गेलो. शाळा सुटत होती. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, टोकाला. लांब टेबले, पांढऱ्या बेसिनची रांग, काचेच्या कपाटात आमचे संच. ती फळा पुसत होती. तिने मला ओळखायला वेळ लावला नाही.

"बसा, काका."

मी कपाटाकडे पाहिले. चौथा संच वरच्या फळीवर होता. वीसच्या वीस अणू बरोबर. जवळ जाऊन पाहिल्यावर कड्यांवर पक्कडीचे बारीक ओरखडे आणि नव्या डिंकाचे ठिपके दिसले.

"अकरा होत्या," ती म्हणाली. "दुरुस्त करण्यात दोन दुपारी गेल्या."

"पत्र नाही पाठवलंस."

"कोणाला पाठवू? त्रुटी विभागाला?" ती किंचित हसली. "चार नंबरचा शिक्का मी शाळेत असल्यापासून बघतेय, काका. पहिल्या वेळची चूक खरी होती, ती माझीच. अर्धवट सांगून गेले होते. हायड्रोजनच्या वेळी मला हसू आलं. एकटीच हसले इथे बसून. मग लक्षात आलं की आपण हसतोय, आणि इतका राग आला!"

मी म्हणालो, आईने मुद्दाम वाईट केले नव्हते. डॉक्टरांनीच दोन-तीन महिने म्हटले होते. हे सगळे तिला माहीत होते.

"ते चार दिवस मी काय करत होते सांगू? क्षार ओळखत होते. परीक्षानळीत पांढरा साका आला की आनंद होत होता मला. बुधवारी तर तीनही बरोबर आले. बुधवारी, काका." तिने फडके टेबलावर ठेवले. "बाबा माझं विचारत होते का?"

मंगळवारी संध्याकाळी मी रुग्णालयात गेलो होतो. मी म्हणालो, "विचारत होते."

"मग आई काय सांगायची?"

मी पुन्हा कपाटातल्या संचाकडे पाहिले.

"काका."

"निघालीय म्हणून सांगायची. वाटेत आहे म्हणून."

ती खिडकीशी गेली. खाली मुलींचा गलका चालला होता. ती परत वळली तेव्हा तिचा चेहरा वर्गात असतो तसा होता.

"मला नाही जमणार, काका. प्रयत्न करून बघितलाय. तिला सांगा, बरोबर पाठवत जा. समोर बेचाळीस मुली बसतात. चुकीचं एकदा डोक्यात बसलं की काढताना फार त्रास होतो."

सोमवारी मावशी माझ्याआधी येऊन बसल्या होत्या.

"भेटली?"

"भेटली."

"बारीक झालीय?"

"चष्मा लागलाय. बाकी बरी आहे."

"खोकं उघडलं होतं?"

"उघडलंय. सगळे दुरुस्त केलेत तिने. स्वतः."

"स्वतः?" त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. "तिला पक्कड नीट धरता येत नाही. हात कापून घेतला असेल. आणि काय म्हणाली?"

"बरोबर पाठवत जा म्हणाली."

"रागाने?"

"नाही. शिकवताना बोलतात तसं."

त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

त्या शाळेची पुढली मागणी सहा महिन्यांनी आली. मावशींनी तो संच तीन दिवस घेतला, एरवी एक दिवस पुरे. तिरका मणी एकही घेतला नाही. दोनदा मोजला, मग मला मोजायला लावला. कॅल्शियमचे वीस लाल, वीस पांढरे, वीस निळे मी मोठ्याने मोजले आणि त्या ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होत्या. शिक्का त्यांनी स्वतः मारला, जरा जास्त दाबून.

खोके गेले. अकराला टपाल येत राहिले. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलाशी आल्या. डबा तसाच हातात होता.

"भाऊ, एक विचारू? बरोबर मालाचं कोणी पत्र पाठवतं का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे, माल चांगला निघाला, तर कोणी कळवतं का? एरवी. बाकीच्या शाळा."

मी म्हणालो, बघून सांगतो. मला खरोखरच माहीत नव्हते. दुपारनंतर मी कपाटातल्या जुन्या फायली काढल्या. चौतीस वर्षांचा पत्रव्यवहार, वर्षवार लावलेला. संध्याकाळपर्यंत सगळा पाहून झाला. तक्रारींची पत्रे दोनशेच्या वर होती. चांगल्या मालाची दोन निघाली. एक कोण्या मुख्याध्यापकांचे, कानाची प्रतिकृती उत्तम असल्याबद्दल. दुसरे खूप वर्षांपूर्वीचे, लांबच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचे. तुमच्या अणूंमुळे आमच्या मुलींना हा धडा पहिल्यांदाच समजला, ते जोडणाऱ्यांना आमचे धन्यवाद सांगावेत, असे तिने लिहिले होते. ते मावशींना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. मी तरी सांगितले नव्हते.

मी दोन्ही पत्रे होती तिथे परत लावली.

मावशी पिशवी खांद्याला अडकवून दारात थांबल्या होत्या.

"सगळं बघितलं," मी म्हणालो. "एकही नाही. बरोबर मालाचं पत्र कोणीच पाठवत नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही, मावशी."

त्यांनी क्षणभर विचार केला. चेहरा जरासा सैल झाला.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या.